पाहून शिकणाऱ्या मेंदूवर प्रकाशाचा झोत

वाशिम : कोरोनाच्या साथीत 'ऑक्सिमीटर' हा शब्द वाशिम जिल्ह्यातील वाड्या-तांड्यांपर्यंत जाऊन पोहोचला. राज्य शासनाने १५ सप्टेंबर २०२० पासून राबविलेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत आरोग्य पथके घरोघरी गेली. थोरामोठ्यांच्या बोटाला ती लहानशी चिमटी लागली आणि काही क्षणांतच रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सांगणारा आकडा उमटला. सुई नाही, रक्त काढणे नाही, वेदना नाही. केवळ लाल प्रकाशाचा एक ठिपका. त्या ठिपक्यामागचे तत्त्व आज मेंदूच्या अभ्यासासाठी वापरले जात आहे. एखादे बाळ आईच्या हाताकडे टक लावून पाहते, तेव्हा त्याच्या मेंदूत काय घडते, या प्रश्नाचा माग शास्त्रज्ञ याच प्रकाशाच्या साहाय्याने काढू लागले आहेत.

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. या समाजात कापडावर कवड्या व आरशांचे तुकडे जडवून केले जाणारे भरतकाम लेकी आईच्या व आजीच्या शेजारी बसून शिकत आल्या. टाका कसा घालावा, हे पुस्तकात वाचून त्यांनी आत्मसात केले नाही. ते पाहिले आणि हाताने गिरविले. शेतातील कोळपणी असो, लेझीमचा डाव असो की अंगणवाडीतील अभिनयगीत, माणसाचे बरेचसे शिक्षण असे पाहण्यातून होते. मग एखाद्या मुलाला हे पाहून शिकणे अवघड का जाते? त्याच्या मेंदूत काही उणे असते काय? आणि ते 'स्कॅन' करून पाहता येते काय? हे प्रश्न अनेक पालकांच्या मनात असतात. त्यांची जी उत्तरे बाजारात मिळतात, ती सगळीच विज्ञानाला धरून असतात असे नाही. म्हणूनच हे तंत्र नेमके काय दाखवू शकते व काय दाखवू शकत नाही, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

बोटापासून मेंदूपर्यंत

अंधारात विजेरीवर तळहात ठेवला, की बोटे लालसर उजळून निघतात. लाल प्रकाश कातडी व मांस यांतून बऱ्यापैकी आरपार जातो, हे यातून दिसते. लाल रंगाच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणारे निकट अवरक्त किरण असतात. सुमारे ६५० ते ९५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या या पट्ट्यात पाणी, त्वचा आणि हाड प्रकाशाला फारसे अडवीत नाहीत. त्याला मुख्यत्वे शोषून घेते ते रक्तातील हिमोग्लोबिन.

हिमोग्लोबिनची दोन रूपे आहेत. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन तांबडेलाल असते, तर प्राणवायू सोडून दिलेले काहीसे काळपट. या दोहोंचे प्रकाशशोषण सारखे नसते. सुमारे ८०० नॅनोमीटरच्या अलीकडच्या किरणांना प्राणवायूरहित हिमोग्लोबिन अधिक शोषते, तर त्यापलीकडच्या किरणांना प्राणवायुयुक्त हिमोग्लोबिन. त्यामुळे दोन वेगवेगळ्या तरंगलांबीचे किरण सोडून, प्रत्येकाचा किती भाग परत आला हे मोजले, की दोन्ही प्रकारच्या हिमोग्लोबिनमधील चढउतार गणिताने काढता येतो. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात नाडीच्या ठोक्यांची याला जोड देऊन आजच्या पल्स ऑक्सिमीटरचा पाया घातला. त्यांच्या शोधाची महती जगाला नव्याने पटत असतानाच, एप्रिल २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

हेच किरण कवटीतूनही आत शिरतात, हे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे फ्रान्स यॉब्सिस यांनी १९७७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले. पुढे १९९३ च्या सुमारास अमेरिका, जपान व जर्मनीतील संशोधकांनी विचार करताना किंवा पाहताना मेंदूत होणारे बदल या पद्धतीने टिपले. या तंत्राला 'फंक्शनल निअर इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी' म्हणतात, संक्षेपाने 'एफएनआयआरएस'.

यात डोक्यावर एक टोपी घालतात. तिच्यावर प्रकाश सोडणारे आणि परतलेला प्रकाश टिपणारे बिंदू बसविलेले असतात. मोठ्या माणसांत या दोन बिंदूंमध्ये साधारण तीन सेंटीमीटर अंतर ठेवतात. सोडलेले किरण आत विखुरतात आणि त्यांपैकी थोडेसे किरण केळीच्या आकाराच्या वक्र मार्गाने पुन्हा वर येतात. या मार्गाचा तळ मेंदूच्या बाहेरच्या थरापर्यंत पोहोचतो. मेंदूचा एखादा भाग काम करू लागला, की तेथील रक्तपुरवठा गरजेपेक्षाही अधिक वाढतो. परिणामी प्राणवायुयुक्त हिमोग्लोबिन वाढते व प्राणवायूरहित कमी होते. हा बदल तात्काळ होत नाही. तो टिपेला पोहोचण्यास पाच-सहा सेकंद लागतात. म्हणजेच हे यंत्र मेंदूतील विचार वाचत नाही, तर त्या कामासाठी वाढलेला रक्ताचा ओघ मोजते.

माकडाच्या मेंदूतील नवल

इटलीतील पार्मा विद्यापीठात जाकोमो रिझोलाती आणि त्यांचे सहकारी मकाक जातीच्या माकडांच्या मेंदूचा अभ्यास करीत होते. आपल्याकडील लाल तोंडाच्या माकडाचे हे भाऊबंदच. हाताच्या हालचालींचे नियोजन करणाऱ्या भागातील एकेका चेतापेशीत अतिसूक्ष्म तार सोडून तिची विद्युत स्पंदने नोंदविली जात होती. माकडाने एखादी वस्तू उचलली, की विशिष्ट पेशी स्पंदू लागे. त्यात नवल नव्हते. नवल असे, की माकड स्वस्थ बसलेले असताना समोरच्या संशोधकाने तशीच वस्तू उचलली तरीही त्यांतील काही पेशी स्पंदू लागल्या. हे निरीक्षण १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९९६ मध्ये या पेशींचे 'मिरर न्यूरॉन' असे नामकरण झाले. दुसऱ्याची कृती पाहणाऱ्याच्या मेंदूत आरशाप्रमाणे उमटते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

या शोधाने मोठीच खळबळ उडाली. मूळचे तमिळनाडूचे व कॅलिफोर्नियात संशोधन करणारे मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी २००० साली असे भाकीत केले, की डीएनएने जीवशास्त्रासाठी जे केले, तेच मिरर न्यूरॉन मानसशास्त्रासाठी करतील. अनुकरण, भाषा, सहानुभूती, संस्कृती अशा अनेक गोष्टींचे मूळ या पेशींत शोधले जाऊ लागले.

माणसाच्या बाबतीत मात्र अडचण होती. निरोगी माणसाच्या मेंदूत तार घालणे शक्य नाही. लॉस एंजेलिस येथील रॉय मुकामेल, इत्झाक फ्रीड आदींनी २०१० मध्ये अपस्माराच्या २१ रुग्णांच्या मेंदूतील पेशींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी या रुग्णांच्या मेंदूत तारा आधीच बसविलेल्या होत्या. एकूण १,१७७ पेशींपैकी काही पेशी करताना व पाहताना, अशा दोन्ही वेळी प्रतिसाद देत असल्याचे आढळले. मात्र तारा उपचाराच्या गरजेनुसार बसविलेल्या असल्याने, माकडांत ज्या भागाचा अभ्यास झाला त्याच्याशी मिळत्याजुळत्या भागातील या नोंदी नव्हत्या. माणसातील बाकी जवळजवळ सर्व पुरावा बाहेरून घेतलेल्या, म्हणजे अप्रत्यक्ष मोजमापावर उभा आहे.

टोपी डोक्यावर, बाळ आईच्या मांडीवर

असे मोजमाप करणारे सर्वांत परिचित यंत्र म्हणजे 'एमआरआय'. त्याच्या 'फंक्शनल' प्रकारात मेंदूच्या खोलवरच्या भागाचेही बारकाईने चित्रण होते. परंतु त्यासाठी माणसाला अरुंद बोगद्यात, मोठ्या आवाजात, डोके न हलविता पडून राहावे लागते. समोरासमोर बसून एकाने भाकरी थापावी व दुसऱ्याने पाहावी, अशी सोय तेथे नाही. रांगते बाळ तर तेथे जागे असताना स्थिर राहणेच कठीण.

प्रकाशाच्या टोपीचा लाभ येथे दिसतो. माणूस खुर्चीत बसू शकतो, हात हलवू शकतो, दुसऱ्यासोबत काम करू शकतो. बाळ आईच्या मांडीवर राहते. जर्मनीतील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दोन व्यक्तींनी मिळून जेवणाचे टेबल मांडावे, असे घरगुती कामच प्रयोगासाठी निवडले होते.

अशा प्रयोगांची रचना साधारणपणे ठरलेली असते. व्यक्ती आधी काही सेकंद स्वस्थ बसते. मग ती समोरच्याची कृती पाहते, नंतर स्वतः तीच कृती करते आणि काही वेळा दोघे मिळून ती करतात. दोन टप्प्यांमध्ये विश्रांती असते, जेणेकरून रक्ताचा ओघ पूर्वपदावर यावा. हे चक्र पुनःपुन्हा केले जाते. पाहताना व करताना कपाळामागील खालच्या भागात तसेच कानाच्या वर-मागे असलेल्या भागात सारखाच ओघ वाढला, तर तेथे मिरर यंत्रणा कार्यरत असावी, असा अंदाज बांधला जातो. हे दोन्ही भाग मेंदूच्या बाहेरच्या थरात येतात, म्हणून प्रकाशाच्या टप्प्यात सापडतात.

जपानमधील सोतारो शिमादा व काझुओ हिराकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात लक्षणीय आहे. त्यांनी सहा-सात महिन्यांच्या बाळांना एक व्यक्ती खेळणे हाताळत असल्याचे दाखविले; एकदा प्रत्यक्ष व एकदा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. प्रत्यक्ष कृती पाहताना बाळांच्या मेंदूतील हालचालींशी निगडित भाग सक्रिय झाला. पडद्यावर मात्र माणसाने केलेली कृती व वस्तूची आपोआप होणारी हालचाल यांच्यात तसा फरक आढळला नाही. एका लहान अभ्यासावरून मोठा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. तथापि, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालील बाळांना पडदा मुळीच दाखवू नये, अशी स्वतंत्र शिफारस केली आहे. रडणाऱ्या बाळाच्या हाती मोबाईल देण्याची सवय शहरांतच नव्हे, तर खेड्यांतही रुजत असताना या दोन्ही गोष्टी पालकांनी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

फिडरचे मीटर आणि शेतातील पंप

या तंत्राची सर्वांत मोठी मर्यादा एका परिचित उदाहरणाने स्पष्ट होईल. वीज उपकेंद्रातील मीटर एखाद्या फिडरवरील भार दाखविते. दिवसा भार वाढला व रात्रीही तेवढाच वाढला, तर त्या फिडरवर दोन्ही वेळा कृषिपंप सुरू होते, एवढे सांगता येईल. पण दिवसा ज्यांच्या शेतात पंप चालले, त्यांच्याच शेतात रात्री चालले काय, हे उपकेंद्रात बसून कळणार नाही. कदाचित दिवसा एका शिवारातील पंप चालले असतील आणि रात्री दुसऱ्या.

प्रकाशाच्या टोपीचेही तसेच आहे. तिचा एकेक बिंदू लक्षावधी चेतापेशींच्या वस्तीतील एकत्रित रक्तप्रवाह मोजतो. पाहताना आणि करताना एकच भाग उजळला, तरी त्यात त्याच पेशी कामाला लागल्या की शेजारच्या निराळ्या, हे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून 'या यंत्राने मिरर न्यूरॉन दिसतात' हे विधान चुकीचे आहे. 'मिरर यंत्रणेशी निगडित मानल्या जाणाऱ्या भागात रक्ताचा ओघ वाढला', एवढेच विधान काटेकोर ठरते.

आणखी काही अडचणी आहेत. हे किरण मेंदूच्या खोल भागात पोहोचत नाहीत. शिवाय जाताना व येताना ते टाळूच्या कातडीतून जातात. माणूस अवघडला, लाजला किंवा भरभर श्वास घेऊ लागला तरी कातडीतील रक्तप्रवाह बदलतो आणि मेंदूच्या कार्याचा आभास निर्माण होतो. त्यावर उपाय म्हणून आता सुमारे आठ मिलिमीटरइतक्या कमी अंतरावरचे जादा बिंदू बसवितात. त्यांचा प्रकाश कातडीपुरताच जाऊन येतो. मग तेवढा भाग एकूण मोजमापातून वजा करता येतो. जुने अभ्यास वाचताना ही दक्षता घेतली होती का, हे पाहावे लागते.

काळे केस आणि त्वचेचा रंग

भारतीय वाचकाच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. प्रकाशाला केवळ हिमोग्लोबिनच शोषते असे नाही; केसांतील व त्वचेतील काळे रंगद्रव्यही शोषते. दाट काळ्या केसांच्या डोक्यावर ही टोपी बसविताना प्रत्येक बिंदूखालचे केस बाजूला सारावे लागतात. तसे न केल्यास परतणारा प्रकाश फारच क्षीण होतो. अनेकदा असे क्षीण नोंदींचे सहभागी अभ्यासातून वगळले जातात. त्यामुळे निष्कर्ष कोणाच्या मेंदूवर आधारलेले आहेत, हा प्रश्न उरतो.

ही भीती निराधार नाही. अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. प्राणवायू धोकादायकरीत्या घटूनही बोटावरील ऑक्सिमीटरने तो पुरेसा दाखविल्याचे प्रकार गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट आढळले. प्रकाशाने मोजणारे कोणतेही उपकरण ज्या लोकांवर वापरायचे, त्या लोकांवरच पारखून घ्यायला हवे, हा त्याचा अर्थ.

असे काम सुरूही झाले आहे. आफ्रिकेतील गांबिया देशाच्या केनेबा या खेड्यातील बाळांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात उत्तर प्रदेशातील शिवगड येथे ग्रामीण बालकांच्या मेंदूचा अभ्यास याच तंत्राने करण्यात आला व तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा विषय मिरर यंत्रणा नव्हता, तर दृश्य स्मृती हा होता. आईचे कमी शिक्षण व कुटुंबाचे कमी उत्पन्न यांचा मुलांच्या मेंदूच्या कार्याशी संबंध असल्याचे त्यात दिसून आले. एमआरआय यंत्र जेथे नेणे अशक्य, तेथे ही टोपी पेटीत घालून नेता येते, हे या दोन्ही उदाहरणांनी दाखविले.

'तुटलेला आरसा' आणि स्वमग्न मुले

मिरर न्यूरॉनच्या चर्चेचा सर्वाधिक परिणाम झाला तो स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या क्षेत्रात. स्वमग्न मुलांना अनुकरण करणे व दुसऱ्याचे मनोगत ओळखणे बहुधा कठीण जाते. तेव्हा त्यांची मिरर यंत्रणाच सदोष असावी, अशी कल्पना पुढे आली. २००६ मध्ये रामचंद्रन व लिंडसे ओबरमन यांनी 'तुटलेले आरसे' या रूपकाने ती लोकांपुढे मांडली. रूपक मनात ठसणारे होते. पुरावा मात्र तितका पक्का ठरला नाही. कृती पाहून तिचा हेतू ओळखणे अनेक स्वमग्न मुलांना जमते, असे पुढील अभ्यासांत दिसले.

अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या प्राध्यापक अंजना भट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रकाशाच्या टोपीने केलेला प्राथमिक अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. मुलांनी कृती पाहणे, ती करणे व प्रौढासोबत एकाच वेळी करणे, असे तीन टप्पे त्यात होते. स्वमग्न मुलांच्या मेंदूत काही भागांत सक्रियता कमी आढळली, तर एका भागात उलट अधिक आढळली. आरसा तुटला आहे की शाबूत आहे, इतके सरळ उत्तर त्यातून मिळत नाही. मेंदू निराळ्या वाटेने काम करीत असावा, असेच ते सुचविते.

मूळ सिद्धांतावरही आक्षेप घेतले गेले. अमेरिकी शास्त्रज्ञ ग्रेगरी हिकॉक यांनी २००९ मध्ये आठ आक्षेप मांडले आणि २०१४ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिले. हाताच्या वा तोंडाच्या हालचालींचे नियंत्रण बिघडलेल्या रुग्णांनाही दुसऱ्यांच्या कृतींचा अर्थ कळू शकतो, मग अर्थ समजण्यासाठी मिरर यंत्रणा अनिवार्य कशी, असा त्यांचा प्रश्न होता. ब्रिटनमधील सिसिलिया हेज यांच्या मते मिरर न्यूरॉन जन्मजात नसून, पाहणे व करणे वारंवार एकत्र घडल्याने ते घडत जातात. लंडनमध्ये २००५ मध्ये झालेल्या एका अभ्यासाने या मताला बळ मिळते. बॅले नर्तक व 'कापोएरा' हा ब्राझिली प्रकार करणारे कलावंत यांना दोन्ही नृत्ये दाखविली असता, प्रत्येकाच्या मेंदूने स्वतः शिकलेल्या प्रकाराला अधिक प्रतिसाद दिला. लेझीम खेळलेल्या माणसाचे पाय दुसऱ्याचा डाव पाहताना का थिरकतात, याचे उत्तर कदाचित अशा सरावात दडलेले असावे.

भारतातही या विषयावर काम झाले आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत डॉ. उर्वक्ष मेहता व सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांतील मिरर यंत्रणेचा अभ्यास चुंबकीय स्पंदनांच्या तंत्राने केला व तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सर्व अभ्यास व्यक्तींच्या गटांची तुलना करतात. एका मुलाच्या डोक्यावर टोपी ठेवून त्याचे निदान करणे, ही निराळी गोष्ट आहे. ती आजच्या विज्ञानाच्या आवाक्यात आलेली नाही.

पुण्याच्या खटल्याचा धडा

मेंदूच्या चाचणीवर अवाजवी भरवसा ठेवला तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युत लहरींवर आधारित चाचणीचा दाखला निकालात घेतला गेला. आरोपीला गुन्ह्याची 'अनुभवजन्य आठवण' आहे, असा त्या चाचणीचा दावा होता. या निकालाची जगभर चर्चा झाली. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही पद्धत पुरेशी शास्त्रीय नसल्याचा निर्वाळा दिला. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात, नार्को, पॉलिग्राफ व ब्रेन मॅपिंग या चाचण्या कोणावरही त्याच्या संमतीविना करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले.

ते तंत्र वेगळे होते, परंतु चूक ओळखीची आहे. मेंदूत काहीतरी बदल दिसला, की त्याला मनातील एका निश्चित गोष्टीचे नाव देण्याची घाई होते. रंगीत चित्र समोर आले, की शंका मागे पडते.

आरशाचा साधा उपचार

सिद्धांत वादग्रस्त असला तरी त्याच्या आसपासचे सर्वच उपचार निरुपयोगी ठरत नाहीत. मळणीयंत्रात हात सापडून तो गमवावा लागलेल्या माणसाला नसलेल्या हाताच्या वेदना जाणवत राहतात. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात अशा रुग्णांसाठी साध्या आरशाचा उपयोग केला. शाबूत हाताचे प्रतिबिंब गमावलेल्या हाताच्या जागी दिसेल, असा आरसा ठेवायचा आणि हात हलवायचा. पक्षाघाताच्या रुग्णांतही हाच प्रयोग केला जातो. जगभरातील ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा 'कॉक्रेन' या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार नेहमीच्या उपचारांना आरशाच्या व्यायामाची जोड दिल्यास हातापायांच्या हालचालीत काही प्रमाणात सुधारणा होते.

हा लाभ मिरर न्यूरॉनमुळेच होतो काय, याबद्दल एकमत नाही. परंतु रुग्णाच्या दृष्टीने तो प्रश्न दुय्यम आहे. उपचार रुग्णांवर पारखला गेला आणि उपयोगी ठरला, हे महत्त्वाचे. उलट, सिद्धांत कितीही आकर्षक असला तरी न पारखलेला उपचार स्वीकारण्याचे कारण नाही.

वाशिमच्या पालकांसाठी

वाशिम हा नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित म्हणून निवडलेल्या राज्यातील चार जिल्ह्यांपैकी एक. नंदुरबार, गडचिरोली व तत्कालीन उस्मानाबाद हे अन्य तीन. येथील अनेक पालकांना मुलाच्या वाढीविषयी शंका आल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्यासाठी अकोला, अमरावती किंवा नागपूरची वाट धरावी लागते. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशिमचाही समावेश होता. त्यामुळे ही वाट काहीशी जवळ येईल, अशी अपेक्षा करता येते.

तोवर काही गोष्टी पालकांनी ध्यानी धराव्यात. स्वमग्नतेच्या निदानासाठी मेंदूच्या प्रतिमेची गरज नसते. ते मुलाच्या वागण्याचे निरीक्षण आणि पालकांशी सविस्तर संभाषण यांतून केले जाते. 'इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम' ही चाळीस बाबींची भारतीय मापनपद्धती त्यासाठी उपलब्ध आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत पथके अंगणवाड्या व शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात. वाढीतील विलंब आढळल्यास पुढील तपासणीसाठी पाठविण्याची तरतूद त्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश असल्याने प्रमाणपत्र व सवलतींचा हक्क मिळतो. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विम्याची सोय आहे.

एखाद्या केंद्रात 'मिरर न्यूरॉन सक्रिय करणारी' महागडी उपचारपद्धती सुचविली गेल्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हा उपचार मुलांच्या किती मोठ्या गटावर पारखला गेला? उपचार न घेतलेल्या मुलांशी त्याची तुलना केली होती काय? आणि सुधारणा मेंदूच्या चित्रात दिसली की मुलाच्या बोलण्या-वागण्यात? उत्तरे समाधानकारक नसतील, तर पैसा आणि त्याहून मोलाची अशी मुलाच्या वाढीची सुरुवातीची वर्षे वाचविणे शहाणपणाचे ठरेल.

प्रकाशाची ही टोपी उद्या अधिक स्वस्त होईल, अधिक अचूकही होईल. पाहणारा मेंदू कसा शिकतो, याविषयी ती आणखी बरेच काही सांगेल. आज मात्र तिचे स्थान संशोधनात आहे, निदानाच्या खोलीत नाही. बाळाला शिकण्यासाठी जे हवे, ते मात्र आजही घरात उपलब्ध आहे. त्याच्यासमोर बसून टाळ्या वाजविणारी आजी, भाकरी थापताना त्याच्या हाती कणकेचा गोळा देणारी आई, आणि ज्याचे मूल उशिरा शिकते त्यालाही तितक्याच वेळा, न थकता, पुन्हा करून दाखविणारे कोणीतरी.